कोचरेकरांच्या घरचा गणपती

१

मुलुंडच्या युनियन ऑफिसातला पंखा फिरेनासा झाला, म्हणून वायरमनला बोलावलं होतं. त्याने छताखालचं प्लायवूड उघडलं आणि आत हात घातला. हाताला लागला तो एक छोटासा मायक्रोफोन. त्याची वायर तुळईवरून पलीकडच्या रिकाम्या खोलीत गेली होती आणि मध्येच एका जागी जळून काळी पडली होती.

युनियनचे नेते सीताराम बागवे खुर्चीत बसले ते उठेचनात.

"बायकोला सांगत नाही ते मी या खोलीत बोलतो हो," ते म्हणाले. "सगळं ऐकलं असणार मेल्यांनी!"

१९८६ सालच्या गणपतीच्या आदल्या आठवड्यातली ही गोष्ट. तपास आला इन्स्पेक्टर दशरथ खरातांकडे. खरात गोवंडीत वाढलेले. आवाज कधी चढवायचे नाहीत, आणि लहान मूल विचारतं तसे साधे प्रश्न विचारायचे. त्यामुळे पुष्कळ लोकांना ते मंद वाटत. त्यांना ते सोयीचंच होतं.

"चोरीला काय गेलंय?"

"काही नाही. टाइपरायटर जागच्या जागी आहे."

खरात स्टुलावर चढले. वर जुनी मंगलोरी कौलं होती, वर्षानुवर्षांच्या पावसाने शेवाळून काळी झालेली. त्यांत एकच कौल लालबुंद, कोरं करकरीत होतं.

"हे कधी बसवलंत?"

"आम्ही? आम्ही नाही बुवा बसवलं."

खरात खाली उतरले आणि हात झटकत म्हणाले, "चोर कौल फोडतो, बागवेसाहेब. नवीन बसवून देत नाही. ज्याने बसवलं त्याला काहीतरी झाकायचं होतं. नुसता मायक्रोफोन झाकायचा असता, तर तो काढूनच नेला असता. म्हणजे इथे मायक्रोफोनपेक्षा मोठं काहीतरी घडलं, आणि त्या गडबडीत तो मागे राहिला."

"मोठं म्हणजे?"

"ते मला ठाऊक नाही."

"मला मात्र ठाऊक आहे हे कुणी केलं ते," बागवे म्हणाले. "लिहून घ्या. काशीराम कोचरेकर."

खरातांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

२

काशीराम कोचरेकर हे नाव तेव्हा देशात सगळ्यांना ठाऊक होतं. कोकणातल्या कोचरे गावचं मूळ, वडील गिरणीत, बालपण घाटकोपरच्या चाळीत. आता ते केंद्रात मंत्री होते, आणि पुढचा पंतप्रधान म्हणून वर्तमानपत्रं त्यांचं नाव घेऊ लागली होती. मुंबईत मात्र त्यांना सगळे नुसते काका म्हणत. बागवे कधीकाळी त्यांचाच उजवा हात. वर्षापूर्वी भांडून वेगळे झाले होते.

खरातांनाही काका ठाऊक होते, पण वेगळ्या कारणाने. ते लहान असताना गोवंडीतल्या त्यांच्या झोपड्या पाडायला ट्रक आला होता. तेव्हा हा माणूस ट्रकच्या पुढ्यात मांडी घालून बसला. दुपारी खरातांच्या आईने दिलेली भाकरी त्याने तिथेच बसून खाल्ली. झोपड्या राहिल्या. आई मरेपर्यंत त्या भाकरीची गोष्ट सांगत असे.

दिल्लीत पत्रकारांनी मायक्रोफोनबद्दल विचारलं तेव्हा काका हसले. म्हणाले, "माझ्या माणसांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही."

खरातांना हायसं वाटलं. त्यांना तेच ऐकायचं होतं.

गणेश चतुर्थीला त्यांची बंदोबस्ताची ड्यूटी लागली ती नेमकी काकांच्या घरी. घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी ते जुनं बैठं घर होतं, आणि कितीही मोठे झाले तरी काका गणपतीला दिल्लीहून तिथेच येत. घर माणसांनी फुललं होतं. कोचऱ्याहून आलेले चुलतभाऊ मखराला फुलं बांधत होते, समया पुसत होते, भटजींना पाट देत होते.

पूजेला जावई बसले होते. काका ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते.

"गुडघे धरलेत रे," काकांनीच खरातांना सांगितलं. "पाटावर बसलो तर उठवायला क्रेन मागवावी लागेल. तू गोवंडीचा ना? मुलगी कितवीत आता?"

"सातवीत, काका."

"शिकव. खूप शिकव."

फाटकापाशी काकांचा चुलतभाऊ गुणाजी उभा होता. तोच त्यांचा खासगी सचिव. दर वर्षी तो कारखान्यातून गणपती स्वतःच्या डोक्यावरून आणायचा. या वर्षी त्याच्या अंगठ्याला भलंमोठं बँडेज होतं आणि तो येणाऱ्यांच्या चपला लावून ठेवत होता.

"काय गुणाजी, प्रमोशन झालं वाटतं!" एक चुलतभाऊ ओरडला. सगळे हसले. गुणाजी हसला नाही.

काकांची लेक लता मोदकांचं ताट घेऊन आली. "घ्या ना, इन्स्पेक्टरसाहेब. मी केलेत. कळ्या नीट पडल्या नसतील तर मनात ठेवा, आईला सांगू नका."

आरती सुरू झाली. सगळं घर टाळ्या वाजवत होतं. काका तेवढे रस्त्याकडे बघत होते.

३

अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झाले असतील. चौकीत एक बाई आली. तिशीची, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. दाराशीच उभी राहिली.

"मी शेवंती. लवू कोचरेकराची बायको. लाऊडस्पीकरवाला लवू."

खरातांनी तिला बसायला सांगितलं. काकांच्या प्रत्येक सभेला लाऊडस्पीकर लवूचे असत. तोही कोचऱ्याचाच, काकांच्याच भावकीतला. मुलुंडला सापडलेल्या मायक्रोफोनसारखे मायक्रोफोन त्याच्या दुकानात मिळत, हे खरातांना आधीच कळलं होतं. लवू मात्र भेटत नव्हता.

"ज्या दिवशी तुम्हाला ती वस्तू सापडली ना साहेब, त्याच्या आदल्या रात्री ते मुलुंडला काम आहे म्हणून गेले. परत आले नाहीत. गुणाजीभावोजी म्हणाले, पोलीस मागे आहेत, काकांनी त्याला लांब ठेवलंय, तू गप्प बस. मी गप्प बसले. गौर पुजली. सौभाग्यासाठी ओवसा भरला."

"मग आज का आलात?"

"काल पेपरात आलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ते विमानाने मस्कतला गेले म्हणे. काकांनी दिल्लीत लोकसभेत उभं राहून सांगितलं, लवू सुखरूप आहे." तिने पदर घट्ट धरला. "मला भेटल्याशिवाय तो मस्कतला कसा जाईल? दुकानात जाताना पण दोनदा मागे वळून बघायचा."

खरातांनी तारीख लिहून घेतली.

"साहेब, तो जिवंत असेल तर मी थांबेन. म्हातारी होईपर्यंत थांबेन. नसेल तर तसं सांगा. पण मला असं मधल्यामधे ठेवू नका. रोज सकाळी कुंकू लावू की नको, कळत नाही मला."

त्या संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. मायक्रोफोनचं प्रकरण मिटल्यात जमा आहे, खरात. आता माणूसही परदेशात आहे. फाईल बंद करा.

"करतो सर," खरात म्हणाले. "फक्त दोघातिघांशी बोलायचं राहिलंय."

४

काकांच्या प्रचाराची सगळी सूत्रं चंद्रप्रकाश नावाच्या तरुणाकडे होती. अंधेरीचा, गुळगुळीत दाढी केलेला, सेंटचा वास मारणारा. काकांचा नातेवाईक वगैरे नव्हे, पण काकांनाही त्याच्याशिवाय करमत नसे.

"काय यार साहेब, अजून तेच?" तो म्हणाला. "मी स्वतः लवूला सहार एअरपोर्टला सोडला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. मस्त खुशीत होता. हात केला ना त्याने मला आतून."

"सामान काय होतं?"

"एक बॅग."

"कपडे?"

"शर्ट-पँट. साहेब, टेन्शन कशाला घेता? महिनाभरात येईल, स्वतःच्या तोंडाने सांगेल. मायक्रोफोन त्याने स्वतःच्या डोक्याने लावला. काकांना खूश करायला. झकास डोकं, पण उलटं चालतं."

त्याला बोलताना कुठेच अडखळायला होत नव्हतं. खरातांना तेच खटकलं, पण खटकण्याने काही सिद्ध होत नाही.

तिथून ते काकांच्या घरी गेले. काका दिल्लीला परतले होते. त्यांच्या पत्नी, द्रौपदीकाकू, ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी खरातांना ओळखलं आणि चहा ठेवला.

"लवू? अगदी गुणाचं पोर हो. मस्कतला गेला तरी मला सांगून नाही गेला, बघा. येऊ दे, कान उपटते."

"गणपती छान झाले, काकू."

"माझं काय त्यात! सगळं लताने केलं." त्या हसल्या. "आमच्या यांना म्हातारपणी माझी दया आली. दिल्लीहून आले तेच म्हणाले, यंदा तू स्वयंपाकघरात जायचं नाहीस, नैवेद्य लता करील. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मला मेलीला बरंही वाटलं आणि चुकल्यासारखंही. दुर्वा निवडायला घेतल्या, तर म्हणाले, त्यासुद्धा ठेव. लता निवडेल. आता दुर्वा निवडायला काय कष्ट पडतात, तुम्हीच सांगा?"

खरातांचा कप तोंडापाशीच थांबला.

"काकू, एक विचारू? तुमच्या भावकीत यंदा कुणी वारलं का?"

"काहीतरीच काय! भावकीत कुणी गेलं असतं तर सुतकात गणपती आणला असता का आम्ही?" आणि मग त्यांचा हात तांदळातच राहिला. "का विचारलंत?"

खरात उठले. चहा तसाच राहिला.

५

खरातांनी जे पाहिलं, ते वाचकांनीही पाहिलं आहे. आता ते एका ओळीत मांडायचं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या ऑफिसात गुणाजी एकटाच भेटला. खरात त्याच्यासमोर बसले.

"अंगठा बरा झाला का, गुणाजीराव?"

"झाला."

"वणही राहिला नाही. छान." खरात जरा थांबले. "आमच्या घरी सुतक, सोयर हे सगळं छप्पन साली सुटलं. धम्म घेतला तेव्हा. पण माझी आजी जुन्या गोष्टी सांगायची, त्यामुळे मला माहीत आहे. मी बोलतो. चुकलो तर थांबवा."

गुणाजीने मान हलवली.

"दर वर्षी पूजेला काका बसतात. या वर्षी गुडघे. दर वर्षी मूर्ती तुम्ही आणता. या वर्षी अंगठा. दर वर्षी नैवेद्य काकू करतात. या वर्षी दया आली. एकेक कारण वेगळं पाहिलं तर पटण्यासारखं. पण तिन्ही एकाच वर्षी? आणि तुमच्या जागी कोण आलं? जावई आणि लग्न झालेली मुलगी. दोघंही दुसऱ्या घरची. त्यांना तुमचं सुतक नाही."

"साहेब..."

"तुमचे कोचऱ्याचे चुलतभाऊ मात्र मखरापासून समयांपर्यंत सगळ्याला हात लावत होते. म्हणजे त्यांना कुणाच्या मरणाची खबर नव्हती. भावकीतलं एक माणूस गेलं होतं, आणि ते फक्त तुम्हाला आणि काकांना ठाऊक होतं. काकूंनाही सांगितलं नव्हतं, नुसतं लांब ठेवलं. आता तुमच्या भावकीतलं बेपत्ता असं एकच माणूस आहे."

बाहेर रस्त्यावरून रिक्षा गेली. गुणाजीने उठून दार लोटून घेतलं.

"चतुर्थीलाच तुम्ही सुतकात होता. मग विसर्जनानंतर चंद्रप्रकाशने सहारला कुणाला हात केला?" खरात पुढे झुकले. "गुणाजीराव, सुतक फिटल्यावर आंघोळ कुठे केलीत?"

गुणाजीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतकी वर्षं मंत्र्याच्या ऑफिसात शिकलेली शुद्ध भाषा त्याला सोडून गेली.

"माका झेपला नाय, साहेब. तो कौलां काढून वरसून उतरलो. वायर ओढताना करंट बसलो. खाली पडलो तो आवाजच नाय. मी आणि चंद्रप्रकाश खाली होतो. मीच तेका उचलून गाडयेत घातलंय, फुटलेला कौल बदललंय. डोंगराखालच्या खाणीत पाणी आसा, थंय..."

"मायक्रोफोन लावायला काकांनी सांगितलं होतं?"

"नाय! देवाशप्पत नाय. ता चंद्रप्रकाशाचा डोक्या. काकांक दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितला."

"काय म्हणाले?"

"आधी इचारल्यानी, आणखी कोणाक ठावक आसा? मगे म्हणाले, गेलेलो माणूस परत येवचो नाय. गप रवा. पुढचा मी बघतंय."

"आणि गणपतीचं?"

"म्हणाले, गणपती आणूकच व्हयो, नायतर लोक इचारतले. पण तू हात लावू नको. मीय लावचंय नाय." गुणाजीने डोळे पुसले. "देवाक कसो हात लावतलंय, साहेब? सुतकात?"

"म्हणजे देवाला तुम्ही खरं सांगितलंत," खरात हळूच म्हणाले. "शेवंतीला का नाही सांगितलं?"

६

खाणीतून लवूला बाहेर काढलं त्या दिवशी चंद्रप्रकाश अंधेरीत सापडला. त्याला पहिल्यांदाच बोलताना अडखळताना खरातांनी पाहिलं. काका त्याच दुपारच्या विमानाने दिल्लीहून आले.

ओसरीवर तीच खुर्ची होती. या वेळी खरातांना बसायला सांगायचं काकांना सुचलं नाही. घरात आतून भांड्यांचाही आवाज येत नव्हता. द्रौपदीकाकू सकाळीच लताकडे निघून गेल्या होत्या.

"वरून तुला थांबवलं होतं ना?" काकांनी विचारलं.

"हो."

"मग?"

"ती बाई मधल्यामधे अडकली होती, काका."

काकांनी रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मायक्रोफोन मी लावला नाही, दशरथ."

"माहीत आहे. तुम्ही त्याच दिवशी म्हणाला असता, माझ्या पोरांनी आगाऊपणा केला, त्यात आमच्या घरचं एक पोर गेलं, मी हात जोडतो, तर लोकांनी चार दिवस शिव्या दिल्या असत्या."

"आठ दिवस," काका म्हणाले, आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना, ट्रकपुढे बसलेला माणूस दिसला. "आठ दिवसांनी विसरले असते. मला वाटलं, दिल्ली विसरणार नाही. गिरणीवाल्याचा पोरगा इथपर्यंत कधी आला नव्हता रे. मी म्हटलं, एवढं एक पार पडू दे. मग सगळं नीट करीन. शेवंतीचंही करीन."

"तुम्ही लोकसभेत सांगितलंत, तो सुखरूप आहे."

"हो."

"ते नसतं सांगितलंत, तर शेवंती चौकीत आली नसती आणि मी आज इथे उभा नसतो. माझी आई..." खरात थांबले. त्या भाकरीबद्दल बोलायची ही वेळ नव्हती, आणि पुन्हा कधी येणारही नव्हती.

काकांनी राजीनामा फोनवरूनच कळवला. संध्याकाळपर्यंत आकाशवाणीवर बातमी आली. पक्षाने हात झटकले, बागव्यांनी पेढे वाटले आणि घाटकोपरच्या अर्ध्याअधिक दुकानांनी कुणी न सांगता फळ्या ओढल्या. आपलं कुणीतरी गेलं असं त्यांना वाटत होतं. लवूसाठी की काकांसाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी लवूला घरी आणलं. शेवंतीचा भाऊ गावाहून आला होता. ती दारात बसली होती. बांगड्या अजून हातात होत्या. खरात समोर गेले, तेव्हा तिने फक्त मान वर केली.

"सांगितलंत, बरं केलंत," ती म्हणाली. एवढंच.

तेवढ्यात गर्दी हलली. काका अनवाणी चालत येत होते. एरवी त्यांच्या पायाशी वाकायला धडपडणारी माणसं मुकाट्याने बाजूला झाली. ते थेट तिरडीपाशी आले आणि खांदा द्यायला वाकले.

"काका, मागे व्हा."

"शेवंती, मी भावकीतला थोरला आहे. माझा मान..."

"तुमचं सुतक फिटलंय, काका." तिचा आवाज चढला नव्हता. शेवटच्या माणसापर्यंत तो ऐकू गेला. "तुम्ही दिवस धरलेत, आंघोळ केलीत, मोकळे झालात. मी त्याच दिवसांत हिरवा चुडा भरून गौरीपुढे त्याचं आयुष्य मागत होते. माझं आज सुरू झालं. आज त्याला सुतकातली माणसं नेतील."

काका उभे राहिले. त्यांचे दोन्ही हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मग ते एक एक पाऊल मागे सरकत फाटकापाशी गेले.

तिरडी उचलायची वेळ आली. गुणाजी कोठडीत होता. एक खांदा कमी पडत होता, आणि शेवंतीचं ते बोलणं ऐकल्यावर भावकीबाहेरचं कुणी पुढे होईना. खरातांनी टोपी काढली, शेजारच्या हवालदाराच्या हातात दिली आणि शेवंतीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

ते पुढे झाले. फाटकातून बाहेर पडताना काका अगदी हाताच्या अंतरावर उभे होते. खरातांनी मान वळवली नाही. वळवली असती तर पाय थांबले असते, आणि बाकीच्या तिघांना थांबावं लागलं असतं.